खेकड्यांचीं जुनीं रंगीत चित्रें व खऱ्या साक्षीचा धडा

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला म्हणजे कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांतील बांधांवर, ओढ्यांत आणि भातखाचरांत काळे मुठे बिळांतून बाहेर पडूं लागतात. कळंबच्या बाजूस मुठा ठाऊक नाहीं असें मूल क्वचितच सांपडेल. परंतु त्याच मुलास विचारून पाहा: मुठ्याला पाय किती? त्याचे डोळे कोठें असतात? त्याच्या दोन्ही नांग्या सारख्या असतात काय? नर कोणता व मादी कोणती हें कशावरून ओळखावें? पुष्कळ वेळां मूल गप्प राहतें, आणि मोठीं माणसेंहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. नित्य दृष्टीस पडणारी वस्तु आपण नीट पाहिलेली असतेच असें नाहीं.

दोनशें ते तीनशें वर्षांपूर्वीं यूरोप खंडांत कांहीं विद्वानांनीं जगांतील खेकड्यांचीं मोठीं पुस्तकें छापविलीं. त्यांतील चित्रें तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं व एकेक करून हातानें रंगविलेलीं होतीं. त्यांपैकीं कांहीं चित्रें इतकीं खरीं आहेत कीं, आजहि शास्त्रज्ञ तीं प्रमाण म्हणून उघडून पाहतात; आणि कांहीं इतकीं खोटीं कीं, त्यांचें नांव निघालें म्हणजे लोक हंसतात. असें कां झालें, हा आजच्या पाठाचा विषय होय. जो कोणी चार लोकांपुढें उभा राहून कांहीं सांगतो, मग तो शिक्षक असो, उपदेशक असो किंवा घरांतील वडील माणूस असो, त्यानें हा पाठ अवश्य ध्यानांत घ्यावा.

१. चित्र कसें तयार होत असे

छायाचित्राची कला इ. स. १८३९ मध्यें जगापुढें आली. तिच्यापूर्वीं दूरदेशच्या प्राण्याचें रूप लोकांस दाखवावयाचें तर तें हातानेंच काढावें लागे. प्रथम कोणी तरी खेकडा पकडी. मग चित्रकार त्याची आकृति कागदावर रेखाटी. तें रेखाटन कोरणाऱ्या कारागिराकडे जाई. तो तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादाच्या तीक्ष्ण कोरणीनें एकेक रेघ खोदीत असे. पत्र्यावर शाई चोळून वरची शाई पुसून टाकली म्हणजे ती खोदलेल्या रेघांतच राही. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमध्यें मोठ्या जोरानें दाबला म्हणजे रेघांतील शाई कागदावर उमटे.

ह्या रीतीनें बहुधा एकाच शाईची आकृति मिळत असे. रंग त्यानंतर भरीत. चित्रकार एक नमुना रंगवून देई, आणि तो पुढें ठेवून रंगविणारे लोक पाण्यांत कालविलेले रंग कुंचल्यानें प्रत्येक प्रतीवर भरीत. ह्या कामावर पुष्कळदां स्त्रिया व मुलें असत. म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारीं ठेविल्या तर त्यांतील रंग तंतोतंत सारखे आढळत नाहींत.

आतां हात मोजा. पकडणारा, रेखाटणारा, कोरणारा व रंगविणारा, अशा चौघांच्या हातून खेकडा वाचकापर्यंत येई. ह्यांपैकीं तो जिवंत पाहिलेला बहुधा पहिला एकटाच असे. पुष्कळ चित्रांच्या खालीं डाव्या बाजूस रेखाटणाऱ्याचें व उजव्या बाजूस कोरणाऱ्याचें नांव बारीक अक्षरांत असतें. परंतु ज्या कोळ्यानें तो समुद्रांतून काढला त्याचें, अथवा जिनें त्याला रंग दिला त्या बाईचें नांव शोधूनहि सांपडत नाहीं.

२. चूक कोठून शिरत असे

पहिली चूक रंगाची. खेकडा मेल्यावर त्याचा रंग उतरतो. मद्यार्कांत ठेवला तरी कांहीं काळानें फिका पडतो. विस्तवावर ठेवला तर तो तांबडा होतो, हें आपल्या स्वयंपाकघरांत सर्वांनीं पाहिलेलें आहे. ह्याचें कारण असें कीं, कवचांत एक तांबडें रंगद्रव्य असतें. जिवंतपणीं तें प्रथिनाशीं जखडलेलें असल्यामुळें निळसर, हिरवट किंवा काळपट दिसतें, आणि उष्णतेनें तें बंधन तुटलें कीं मूळचा तांबडा रंग उघडा पडतो. ज्यानें शिजलेला किंवा वाळलेलाच खेकडा पाहिला, तो मनानें कितीहि प्रामाणिक असला तरी जिवंत खेकड्याचा रंग कोठून देणार?

दुसरी चूक डाव्याउजव्याची. पत्र्यावर जशी आकृति कोरावी, तिच्या उलट ती कागदावर उमटते. म्हणून कोरणाऱ्यानें मुद्दाम उलटी कोरली तरच ती सुलट छापली जाते. रेम्ब्रांट ह्या थोर डच चित्रकारानें इ. स. १६५० मध्यें एका शंखाचें सुंदर चित्र कोरलें. त्यानें आपली सही बरोबर उलटी कोरली, पण शंख तसा कोरला नाहीं. त्यामुळें छापलेल्या शंखाचा वळसा उलट्या दिशेचा झाला. खाडीच्या चिखलांत एक लहान खेकडा असतो, त्याच्या नराची एक नांगी फार मोठी व दुसरी अगदीं लहान असते. अशा प्राण्याचें चित्र उलटलें तर उजव्याचा डावा होतो, आणि वाचणाऱ्यास त्याची दादहि लागत नाहीं.

तिसरी चूक तुटलेल्या अवयवांची. दूरच्या प्रवासांत वाळलेल्या खेकड्याचे पाय मोडत, आणि चित्रकार ते अजमासानें पुरे करी. शिवाय जिवंत खेकडाहि शत्रूच्या तावडींत सांपडला असतां आपला पाय टाकून निसटतो. पुढें तो कात टाकतो तेव्हां त्या जागीं नवा पाय येतो, पण तो प्रथम लहान असतो. म्हणून चित्रांत एक नांगी लहान दिसली तर चित्रकारास दोष देण्यापूर्वीं ही गोष्ट ध्यानांत आणावी.

ह्या तीन चुका अज्ञानाच्या आहेत. चौथी चूक मनाची आहे. लोकांनीं आश्चर्य करावें म्हणून आहे त्याहून अधिक सांगण्याचा मोह होतो. त्या मोहांतून ती उत्पन्न होते.

३. अंबोन बेटावरील दोन साक्षी

आजच्या इंडोनेशिया देशांत अंबोन नांवाचें बेट आहे. पूर्वीं तें लवंगेच्या व्यापारासाठीं डच कंपनीच्या ताब्यांत होतें. तेथें त्या कंपनीच्या चाकरींत असलेल्या दोन मनुष्यांच्या कामाची तुलना करण्याजोगी आहे.

पहिला रुम्फियस. ह्याचा जन्म इ. स. १६२७ मध्यें जर्मनींत झाला. इ. स. १६७० मध्यें त्याची दृष्टि गेली. चार वर्षांनीं झालेल्या भूकंपांत त्याची पत्नी व एक कन्या मरण पावलीं. तरी त्यानें काम सोडलें नाहीं. तो शंख व खेकडे हातानें चांचपून पाही, बेटावरील लोकांस त्यांच्याविषयीं विचारी, आणि मदतनिसांकडून लिहवून घेई. इ. स. १७०२ मध्यें तो वारला, व त्याचें पुस्तक इ. स. १७०५ मध्यें आम्स्टरडाम येथें छापून निघालें. त्याचा पहिला भाग खेकडे व त्यांच्या जातीचे प्राणी ह्यांविषयीं आहे. डोळे गेलेल्या मनुष्याचें हें पुस्तक डोळस विद्वानांनीं पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ आधारास घेतलें. कारण ऐकलेलें व स्वतः पारखलेलें ह्यांतील भेद तो जाणत होता.

दुसरा सॅम्युएल फालूर्स. हा चांगला चित्रकार होता, आणि कांहीं काळ तेथील ख्रिस्ती मंडळींत आजाऱ्यांस भेटून धीर देण्याचें कामहि त्याजकडे होतें. त्याचीं चित्रें लुई रनार नामक पुस्तकविक्याच्या हातीं आलीं, आणि इ. स. १७१९ च्या सुमारास आम्स्टरडाम येथें मासे व खेकडे ह्यांचें एक रंगीत पुस्तक निघालें. त्यांत १०० पानांवर ४६० आकृति आहेत. रंग इतके भडक कीं, डोळे दिपावे. कांहीं प्राण्यांच्या अंगावर सूर्य व मनुष्यांचे चेहरेहि काढलेले आहेत. शेवटीं तर अर्धी स्त्री व अर्धा मासा अशी एक मत्स्यकन्या दाखविली असून, ती पाण्याच्या पिपांत चार दिवस सात तास जगली असें खालीं लिहिलें आहे!

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. अलीकडच्या अभ्यासकांनीं हें पुस्तक तपासलें तेव्हां त्यांतील बहुतेक आकृतींमागें कोणता ना कोणता खरा प्राणी आहे असें त्यांस आढळलें. म्हणजे फालूर्सनें पुष्कळ कांहीं खरोखर पाहिलें होतें. परंतु त्यानें त्यांत इतकी भर घातली कीं, खरेंहि खोट्याच्या सोबतीस जाऊन बसलें. वाचकांनीं मत्स्यकन्या पाहिली आणि खेकड्यांवरचाहि विश्वास सोडला. साक्षीदाराची एक बनावट उघडकीस आली म्हणजे त्याच्या दहा खऱ्या गोष्टी वायां जातात.

४. बर्लिनचा उपदेशक

योहान हर्ब्स्ट (१७४३–१८०७) हा बर्लिन शहरांत मंडळीचा उपदेशक होता. उपदेशकाचें काम संभाळून त्यानें खेकड्यांचा अभ्यास केला, आणि इ. स. १७८२ पासून १८०४ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, एक मोठा ग्रंथ भागाभागांनीं प्रसिद्ध केला. त्याला हातानें रंगविलेलीं ६० हून अधिक चित्रपृष्ठें जोडलेलीं आहेत. आमच्या समुद्रावर तो कधीं आला नाहीं. व्यापाऱ्यांनीं, प्रवाशांनीं व संग्राहकांनीं मिळविलेले खेकडे पुढें ठेवून त्यानें काम केलें. त्यांतील पुष्कळ खेकडे बर्लिनच्या संग्रहालयांत अद्यापि आहेत. चित्राविषयीं शंका आली तर आजचा अभ्यासक तो खेकडाच काढून पाहूं शकतो. साक्ष देणाऱ्यानें आपली साक्ष तपासण्याचें साधन मागें ठेविलें, हा हर्ब्स्टचा मोठा गुण.

त्याच्या ग्रंथांतील दोन खेकडे आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि मिळतात. एकाच्या पाठीवर पांढऱ्या कड्यांत तीन तांबडेकाळे ठिपके असतात. त्याला हर्ब्स्टनें इ. स. १७८३ मध्यें 'सँग्विनोलेंटस', म्हणजे रक्ताळलेला, असें नांव दिलें, आणि तेंच आजपर्यंत चालत आहे. दुसऱ्याच्या पाठीवर फिक्या रंगाचा क्रूसासारखा आकार दिसतो. त्याला त्यानें इ. स. १७९४ मध्यें 'क्रुशिएटस', म्हणजे क्रूसांकित, असें म्हटलें. परंतु लिनीअस ह्या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५८ मध्येंच त्याला 'फेरिएटस' असें नांव दिलेलें होतें. आणि पहिलें नांव तें खरें असा शास्त्राचा नियम असल्यामुळें हर्ब्स्टचें नांव मागें पडलें.

ह्या क्रूसांकित खेकड्याविषयीं एक आख्यायिका आहे. फ्रान्सिस झेवियर इ. स. १५४६ मध्यें मोलुक्का बेटांकडे प्रवास करीत असतां वादळांत त्यांचा क्रूस समुद्रांत पडला, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर एका खेकड्यानें तो नांग्यांत धरून परत आणून दिला, असें सांगतात. आणि त्यावरून त्या जातीच्या पाठीवर ती खूण आली असें पुष्कळ लोक मानतात. आख्यायिका ही आख्यायिका म्हणून सांगण्यास हरकत नाहीं. पण पाठीवरची खूण तिचा पुरावा होऊं शकत नाहीं. वाघाचे पट्टे व मोराचे डोळे ज्या रीतीनें त्या त्या जातींत वंशपरंपरेनें चालत आले, त्याच रीतीनें हा आकारहि आलेला आहे. हर्ब्स्ट स्वतः उपदेशक होता. त्यानें आकार पाहून नांव दिलें आणि खेकडा होता तसा काढला.

५. आपल्या देशांतील हकीकत

हिंदुस्थानांतूनहि असे प्राणी यूरोपास जात. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथें इ. स. १७७१ मध्यें आलेले मिशनरी क्रिस्टोफ जॉन हे तेथील मासे व शंख जर्मनींतील अभ्यासकांकडे पाठवीत. ब्लॉख नामक मत्स्यशास्त्रज्ञानें त्यांच्या सन्मानार्थ माशांच्या एका कुळास 'जोनियस' असें नांव दिलें.

आमच्या भागाशीं अधिक जवळचें नांव कर्नल साइक्स ह्यांचें. हे मुंबई सरकारच्या चाकरींत असून त्यांनीं दख्खन प्रांतांत फिरून शेती, लोकसंख्या व प्राणी ह्यांची माहिती जमविली. त्यांनीं नेलेल्या एका खेकड्याचें वर्णन इ. स. १८३६ मध्यें लंडनच्या कीटकशास्त्रीय सभेच्या ग्रंथांत आलें, आणि वेस्टवुड साहेबांनीं त्यास 'क्युनिक्युलॅरिस', म्हणजे बीळ करणारा, असें नांव दिलें. हा आपल्या शेतांत व ओढ्यांत राहणाऱ्या गोड्या पाण्यांतील खेकड्यांच्याच वर्गांतला होय. पुढें कलकत्त्याच्या संग्रहालयाचे माजी अधिकारी ऑल्कॉक ह्यांनीं इ. स. १९१० मध्यें हिंदुस्थानच्या गोड्या पाण्यांतील खेकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली. तोंपर्यंत तांब्याच्या कोरीव पत्र्याची जागा शिळाछापानें घेतली होती, आणि त्या संग्रहालयाचीं नामांकित चित्रें बंगाली चित्रकारांनीं काढिलेलीं आहेत.

तेव्हां सर्व खेकडे मोजून संपले काय? नाहीं. इ. स. २०१४ मध्यें पाटी व शर्मा ह्या संशोधकांनीं सह्याद्रीच्या घाटांवरून 'घाटियाना' ह्या नव्या कुळाची स्थापना केली, आणि इ. स. २०१६ मध्यें महाराष्ट्राच्या घाटांतील आणखी पांच नव्या जाती नोंदल्या गेल्या. ज्या डोंगरांकडे पाहून आपण पावसाचा अंदाज बांधतों, त्याच डोंगरांत कालपर्यंत नांव नसलेले प्राणी नांदत होते. त्यांस पुस्तकांत नांव नव्हतें एवढेंच. डोंगरांतील कातकरी, ठाकूर व धनगर बांधवांनीं ते कित्येकदां पाहिले असतील. चौघांपैकीं पहिला हात आजहि खेड्यांतल्या मनुष्याचाच आहे.

६. असें जुनें चित्र हातीं आलें तर

शहरांतील बाजारांत अशीं चित्रें चौकटींत बसवून विकतात. पुष्कळ वेळां तीं जुनीं पुस्तकें फाडून काढलेलीं असतात, हें वाईट होय. कारण पान सुटलें म्हणजे त्याचें वर्णन, साल व लेखक हीं मागें राहतात आणि नुसती शोभा उरते. खरें कोरीव चित्र असेल तर आकृतीभोंवतीं पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदावर दिसतो, जर मागाहून कागद कापला नसेल तर. भिंगांतून पाहिलें असतां खऱ्या चित्रांत अखंड रेघा दिसतात. आजच्या छापील नकलेंत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. मूळच्या साध्या चित्रास किंमत वाढावी म्हणून नंतर रंग दिल्याचींहि उदाहरणें आहेत. ज्यास पाहावयाचींच आहेत, त्यानें पैसे खर्चण्याचें कारण नाहीं; जगांतील मोठ्या ग्रंथालयांनीं हीं पुस्तकें संगणकावर विनामूल्य खुलीं केलीं आहेत.

७. वर्गांत करावयाचें काम

पावसाळ्यांत एक मुठा पाण्याच्या घमेल्यांत आणावा. मागून, पाठीच्या दोन्ही कडा धरून उचलावा, म्हणजे नांगी लागत नाहीं. प्रथम पाय मोजावे: नांग्या दोन व चालण्याचे पाय आठ, मिळून दहा. डोळे देंठांवर असून ते खांचेंत मिटतां येतात. मग खालची बाजू पाहावी. पोटाखालीं दुमडलेली पट्टी असते. नराची अरुंद व मादीची रुंद. गोड्या पाण्यांतील मादी ह्याच पट्टीखालीं अंडीं वाहते, आणि पिलें अंड्यांतून लहान खेकडे होऊनच बाहेर येतात व कांहीं दिवस आईच्या पोटाशीं राहतात. अशी मादी आढळली तर ती तशीच ओढ्यांत सोडावी. पुढच्या वर्षाचे मुठे तिच्यापाशीं आहेत.

मग प्रत्येक मुलानें पाटीवर त्याची आकृति काढावी. सुंदर दिसावी म्हणून कांहीं वाढवूं नये. एक पाय तुटका असेल तर तुटकाच काढावा. खालीं गांव, ओढा, तारीख व पकडणाऱ्याचें नांव लिहावें. जुन्या पुस्तकांत जें नांव राहून गेलें, तें आपण गाळूं नये.

शिक्षकांनीं व उपदेशकांनीं हीच कसोटी आपल्या बोलण्यासहि लावावी. पाहिलेलें तें पाहिलें म्हणून सांगावें, ऐकलेलें तें ऐकलें म्हणून सांगावें, आणि ठाऊक नसेल तेथें जागा मोकळी सोडावी. श्रोत्यांस चकित करणारी भर एका दिवसाची वाहवा मिळविते, पण तिच्या मागोमाग आपल्या खऱ्या गोष्टींवरचाहि विश्वास उडतो. आंधळा रुम्फियस विश्वासास पात्र ठरला व डोळस फालूर्स ठरला नाहीं, हें विसरूं नये.

वर्गासाठीं प्रश्न

१. खेकडा वाचकापर्यंत कोणत्या चार हातांतून येत असे? त्यांपैकीं कोणाचीं नांवें राहिलीं व कोणाचीं गेलीं?

२. शिजविल्यावर खेकडा तांबडा कां होतो?

३. फालूर्सच्या खऱ्या चित्रांवरहि लोकांचा विश्वास कां राहिला नाहीं?

४. क्रूसांकित खेकड्याविषयींची आख्यायिका सांगतांना कोणती सावधगिरी ठेवावी?

५. आपल्या गांवांत ह्या आठवड्यांत सांगितल्या गेलेल्या एखाद्या बातमीविषयीं विचार करा: ती किती हातांतून आली, आणि पहिल्यानें स्वतः काय पाहिलें होतें?